आजारी बाबासाहेबांनी मानलेले आभार आणि आपण गाळलेले पान

वर्षावास सुरू झाला की आमच्या मोहन्यात, कल्याण-डोंबिवलीतल्या इतर वस्त्यांप्रमाणेच, विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, रोज संध्याकाळी. दिवसभर राबून आलेली माणसे मांडी घालून ऐकतात. पण हा ग्रंथ लिहिताना बाबासाहेब किती आजारी होते आणि ग्रंथ पुरा झाल्यावर त्यांनी कुणाचे आभार मानले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

इतिहास असा आहे. संविधानाचे काम चालू असतानाच मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदनांनी बाबासाहेबांचे शरीर पोखरले होते. मुंबईला डॉ. माधवराव मालवणकरांकडे उपचार सुरू झाले. याच काळात डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला आणि त्या डॉ. सविता आंबेडकर, आपल्या माईसाहेब झाल्या. इन्सुलिन, पथ्य, रात्रीची जागरणे, सारे त्यांनी पाहिले.

या आजारात बाबासाहेबांनी काय केले? ऑगस्ट 1951 मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृती चिंताजनक आहे, दीर्घ उपचार घ्यायचे आहेत, पण त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय. देशभरातल्या स्त्रियांचा हक्क आधी, स्वतःचे औषध नंतर! बिल रखडवले गेले, तेव्हा सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी त्यांनी बुद्धावरचा ग्रंथ लिहायला घेतला.

पाच वर्षांनी, 1956 साली, त्यांनी या ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. तिच्यात ते आपला आजार लपवत नाहीत. लिहायला घेतले तेव्हा आजारी होतो, आजही आहे, असे सरळ सांगतात. मधल्या काळात डॉक्टरांनीही आशा सोडावी अशी अवस्था झाली होती आणि त्यातून बाहेर काढले ते आपल्या पत्नीने व डॉ. मालवणकरांनी, अशी कबुली देतात. मुद्रिते तपासणाऱ्या म. भि. चिटणीसांचेही आभार मानतात.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. बाबासाहेबांनी आजाराचे आभार मानलेले नाहीत. ‘दुखण्याने मला शहाणे केले’ असली भाषा त्यात नाही. दैवाचे, देवाचे आभार नाहीत, पूर्वजन्मीच्या पुण्याईचा उल्लेख नाही. आजार हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, ही शिकवण आपल्या आज्या-पणज्यांना हजारो वर्षे दिली गेली. ती मानली तर सेवा करणाऱ्याचे श्रेयही दैवाच्या खात्यात जाते. बाबासाहेबांनी कार्यकारणभाव मानला. कुणी काय केले म्हणून मी जगलो, हे नाव घेऊन सांगितले. याला म्हणतात बुद्धिवादी कृतज्ञता!

आणि दातृत्व? ग्रंथाच्या छपाईला पैसा अपुरा होता. सप्टेंबर 1956 मध्ये त्यांनी नेहरूंना पुन्हा लिहिले, बुद्ध जयंतीच्या निमित्ताने सरकारने 500 प्रती घेऊन ग्रंथालयांना द्याव्यात. नेहरूंनी प्रकाशनांसाठीचा निधी संपल्याचे कळवले. अवघ्या महिनाभराने, 14 ऑक्टोबरला, काठीचा आधार घेतलेला हा माणूस नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा देत उभा होता. दुसऱ्या दिवशी भाषण, त्यानंतर चंद्रपूर, नोव्हेंबरमध्ये काठमांडू. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण. उरलेली ताकद त्यांनी अशी वाटून टाकली.

आता आपल्याला टोचणारा प्रश्न. ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांसमोर आली 1980 साली, भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावनांचा संग्रह काढला तेव्हा. मधल्या काळात काय झाले? माईसाहेबांवर संशयाची राळ उठली. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचे निष्पन्न होऊनही ती शमली नाही. ज्यांना बाबासाहेबांनी जाहीरपणे प्राणदात्या म्हणून गौरवले, त्या कित्येक वर्षे चळवळीबाहेर, एकाकी जगल्या. पुढे पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा समाजात आणले. 29 मे 2003 रोजी त्यांचे निधन झाले.

माईसाहेबांच्या भूमिकांची चिकित्सा जरूर करा. चिकित्सा हा आपला बाणा आहे. पण काही जण म्हणतात, त्या जन्माने ब्राह्मण, मग ऋण कसले मानायचे? त्यांना माझा सवाल आहे, बाबासाहेबांनी आभार मानताना जात पाहिली का? जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे हाच तर मनूचा कायदा. तो उलटा करून वापरला तरी तो मनूचाच राहतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूकडे संघाने पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले आणि संघाला बजावले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

आज आपल्या वस्तीत डायलिसिसवर, केमोवर असलेले किती जण आहेत, याची यादी कुठल्या विहारात आहे? विहाराच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे असतात. नवऱ्याला, सासूला वर्षानुवर्षे उचलून बसवणाऱ्या बाईचे नाव कुठे कोरलेले नसते. जयंतीच्या डीजेचा खर्च निम्मा केला, तर कित्येक रुग्णांच्या रिक्षाभाड्याची सोय होईल. रुग्णालयात आळीपाळीने बसायला तर पैसाही लागत नाही, चार पोरे लागतात.

म्हणून यंदाच्या वर्षावासात एवढे करूया. ग्रंथवाचनाच्या पहिल्या दिवशी ती गाळलेली प्रस्तावना मोठ्याने वाचूया. आणि त्याच संध्याकाळी वस्तीतल्या रुग्णांची यादी करायला घेऊया.

नमो बुद्धाय! जयभीम!