अमेरिकेचे युद्ध आणि दख्खनची महागाई

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि खातेवह्यांवर होता. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या उठावाच्या कारणांचा एक धागा थेट अमेरिकेपर्यंत जातो.

२/ लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई. एप्रिल १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला.

३/ ब्रिटिश व्यापारी मुंबईकडे वळले. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. १८६३ मध्ये भोरघाटाचा लोहमार्ग खुला झाल्याने घाटावरचा माल बंदरात पोहोचणेही सुलभ झाले.

४/ या कापसाच्या मोबदल्यात चांदीचा ओघ आला आणि टांकसाळीतून तिचे रुपये पडू लागले. पैसा वाढला, धान्य मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. उलट काही भागांत ज्वारी-बाजरीच्या रानात कपाशी उभी राहिली. धान्य, मजुरी, घरभाडे, सारेच महागले.

५/ मुंबईत सट्ट्याला ऊत आला. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला.

६/ ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली शरण गेला. युद्ध संपत असल्याच्या वार्तेनेच कापसाचे भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली आणि अनेक पेढ्या बुडाल्या. पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली.

७/ खरी चूक त्यानंतर घडली. इंदापूर तालुक्यातील तीस वर्षांच्या जमीनधाऱ्याची मुदत संपली होती. १८६७ मध्ये अधिकाऱ्यांनी चढ्या भावांचा आधार घेऊन नवा आकार ठरवला आणि सारा सुमारे दीडपट केला. इतर तालुक्यांतही अशीच वाढ झाली. भाव का चढले, याचा पुरेसा विचार झाला नाही.

८/ १८७० नंतर धान्याचे भाव उतरले, सारा मात्र चढाच राहिला. तो भरण्यासाठी कर्ज काढावे, तर सावकारांनीही हात आखडता घेतला. जुन्या कर्जांपायी जमिनी जाऊ लागल्या. वाढीव सारा हे दंग्यांचे एकमेव कारण नव्हते. पण आधीच वाकलेल्या कुणब्याच्या पाठीवर तो नवा भार ठरला.

९/ बाजारातला आजचा भाव उद्याचा भाव सांगत नाही. त्यामागचे कारण किती टिकेल, हे पाहावे लागते. कारण परदेशात असेल, तर नजरही तिथवर पोहोचावी लागते. म्हणूनच महागाईचा अंदाज बांधताना आजही खनिज तेलाचे भाव, विनिमय दर आणि दूरची युद्धे विचारात घेतली जातात. इंदापूरच्या साऱ्याचा आकडा ठरवताना लँकेशायर आणि अमेरिका हिशेबाबाहेर राहिले. त्या चुकीची किंमत कुणब्याने मोजली.