दगड लागला की काय सुटतं? केणीपासून लोडरच्या पाटीपर्यंत

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. अमेरिकेत, कॅनडात छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला बर्फ ढकलायची पाटी कशी लावतात, इथून आपण सुरुवात करणार आहोत, आणि व्याख्यान आहे दिग्रसचं. दिग्रसला बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो! पण पाटी आहे, छोटा ट्रॅक्टरही आहे, आणि ती पाटी समोर लावायची हौसही आता आली आहे. म्हणून हा इतिहास आपल्यालाही लागू पडतो.

या इतिहासाकडे बघताना आम्ही एकच प्रश्न धरून चालणार आहोत. जमिनीतून चाललेल्या लोखंडाला दगड लागला, तर काय सुटतं? काहीतरी सुटावंच लागतं. ते कुणी ठरवलं नसेल, तर जे सगळ्यात कमजोर असेल ते सुटतं.

आधी आपलं घरचं बघू. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत दरवर्षी नांगरट करायची रीत फारशी नव्हती. मुख्य अवजार वखर. उन्हाळ्यात आणि पेरणीआधी वखराच्या पाळ्या द्यायच्या, पेरणी तिफणीनं, मग डवरणी. वखराची पास म्हणजे काय, तर एक आडवी लोखंडी पाटीच. ती मातीच्या थोडी खाली चालते, तण कापते, ढेकूळ फोडते. खोड, दांडी, जू, रुमणं, आणि मागे माणूस. पासेला मूळ किंवा दगड अडकला की बैल थबकतात आणि माणूस रुमणं उचलतो. बस. सुटणारी वस्तू म्हणजे माणसाचा हात.

माती हलवायची असेल तर केणी. जुन्या लोकांना आठवत असेल. लाकडी फळ्यांची, पुढच्या धारेला लोखंडी पट्टी मारलेली, बैलजोडीनं ओढायची. मागची मूठ दाबली की माती भरते, उचलली की ओतली जाते. धुरा घालायचा, खोलगट जागा भरायची, वावर सपाट करायचं, ते केणीनं. इथेही अडथळा आला की मूठ सोडायची. केणी पलटी व्हायची, शिव्या व्हायच्या, पण बैलाची मान किंवा माणसाचा पाय सहसा वाचायचा. हे अवजार ओबडधोबड होतं असं आपण समजतो. आमच्या मते ते फार शहाणं होतं. ओढणारा जीव पुढे आणि सोडणारा हात मागे, हे दोन्ही त्यात होतं.

मग लोखंड आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमीन नासते या समजुतीमुळे पहिले नांगर विकायलाच दोन वर्षं गेली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगराचा पसारा वाढला. शेतकऱ्याच्या त्या समजुतीला आपण सर्रास अडाणीपणा म्हणतो. थोडं थांबून बघा. नवं अवजार जड आहे, त्याला जास्त बैल लागतात, तुटलं तर गावातल्या सुताराला जमत नाही. ही शंका जमिनीबद्दल बोलली गेली, पण तिच्या पोटात खिशाचीही काळजी असणार.

आता दूर जाऊ, कारण खरा घोळ तिकडे झाला. १९१७ मध्ये हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडू लागला. स्वस्त आणि हलका. लोकांनी बैलाचा नांगर साखळीनं त्याच्या मागे बांधला. बैलाला दगड लागला तर बैल थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. नांगर अडकला, मागची चाकं फिरायची थांबली, पण इंजिनाचा जोर चालूच राहिला, तर ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं आणि तो चालकावर उलटतो. अशी माणसं मेली. म्हणजे काय सुटलं? चालकाचा जीव.

यावर डोकं लढवलं ते उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं. त्यानं अवजार साखळीला न बांधता तीन दांड्यांवर ट्रॅक्टरच्या मागे टांगलं. खाली दोन, वर एक. ओढ वाढली की वरच्या दांडीवर दाब येतो, तो हायड्रॉलिकला कळतो आणि अवजार आपोआप थोडं वर येतं. शिवाय नांगर पुरता अडकला, तर मागच्या चाकांवरचा भार कमी होऊन चाकं जागच्या जागी घसरतात. म्हणजे सुटतं ते चाक. १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर आला, १९३९ मध्ये फोर्डबरोबरचा. आज दिग्रसच्या कुठल्याही वावरात उभ्या ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बघा, त्या तीन दांड्या दिसतील. रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, पेरणीयंत्र, सगळं त्यावर टांगलेलं.

पण हे सगळं मागे. समोरचं काय?

समोरच्या पाटीची गोष्ट अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, मॉरोव्हिल नावाच्या लहानशा गावात सुरू होते. १९२३ साली तेलाच्या पाइपलाइनचे चर बुजवायचं काम निघालं होतं. जेम्स कमिंग्ज हा शेतकरी आणि जे. अर्ल मॅकलॉइड हा नकाशे काढणारा तरुण, दोघांनी मिळून ट्रॅक्टरच्या पुढे पाटी बसवली. १९२५ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्या पेटंटचं नाव बुलडोझर नव्हतं, ‘ट्रॅक्टरसाठी जोड’ इतकंच होतं. आम्हाला हे नाव फार आवडतं. त्यांना कळलं होतं की पाटी सोपी आहे, जोड अवघड आहे.

का अवघड? बुलडोझरची पाटी ज्या दांड्यांवर असते त्या खाली, सांगाड्याला घट्ट बसवतात. ढकलण्याचा जोर जवळपास जमिनीलगत सरळ मागे जातो. लोडरचं तसं नाही. लोडरचे हात उचलण्यासाठी बनवलेले. ते ट्रॅक्टरच्या दोन बाजूंच्या खांबांवरून वरून खाली येतात. बादली भरायची, उचलायची, ओतायची, एवढंच त्यांचं काम. बादली काढून तिथे रुंद पाटी बसवली, की ढकलण्याचा सगळा जोर त्या उंच हातांवर येतो. पाटीच्या एका कोपऱ्याला दगड लागला तर हात पिळला जातो. पाटी जितकी रुंद, तितका पीळ जास्त.

बर्फाच्या मुलखात यावर उपाय निघाले. पाटीच्या मागे जाड स्प्रिंगा असतात. काही अडलं की पाटीची धार मागे दुमडते, अडथळा गेला की परत उभी राहते. खाली लोखंडी पायताणं असतात, म्हणजे धार खडीच्या थोडी वर राहते. लोडरचा दांडा ‘फ्लोट’वर ठेवतात, त्यामुळे पाटी जमिनीच्या चढउतारावर आपोआप वरखाली होते. आणि मागे वजन टांगतात, कारण पुढे भार आला की मागची चाकं हलकी होतात आणि नुसती फिरतात. म्हणजे तिथे सुटते ती स्प्रिंग. केणीच्या मुठीचं काम स्प्रिंगकडे दिलं, असं म्हणा.

शिवाय बर्फ हलका. ताजा बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास, दबलेला तीनचारशे. आपली ओली काळी माती घनमीटरला दीड टनाच्या वर, आणि चिकट. बर्फाच्या पाटीचा आकार बघून तशीच पाटी काळ्या मातीत घातली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता परत दिग्रसला या. अरुणावती धरण तालुक्याजवळच. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. तलावातला गाळ पोकलेननं काढतात, ट्रॅक्टरनं वावरात आणून ढीग टाकतात. गाळ चांगला, पण ढीग पसरवायचा कुणी? जेसीबी तासावर मिळतो आणि लहान शेतकऱ्याला तो तास महाग पडतो. इथे छोट्या ट्रॅक्टरच्या मालकाला वाटतं, समोर पाटी लावून घेऊ. आपलंही काम होईल, शेजाऱ्याचंही.

हा मालक कोण असतो ते बघा. समाजकल्याणची एक योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, साडेतीन लाखांच्या मर्यादेत, ९० टक्के अनुदानावर. बरोबर उपसाधनं: कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर, आणि ट्रेलर. सगळी मागे लावायची. समोरची जोड कागदावर नाही, म्हणून ती वेल्डिंगच्या दुकानात होते. जाड पत्रा, दोन अँगल, चार बोल्ट. वेल्डर हुशार असतो, त्याच्या हाताला आम्ही नावं ठेवत नाही. पण त्याला कुणी सांगितलेलं नसतं की हा पत्रा कधीतरी सुटायला हवा. तो तर मजबूत करून देतो, गिऱ्हाईकही मजबूतच मागतं. मग ढिगाखाली धोंडा लागतो. पत्रा वाकत नाही, बोल्ट तुटत नाही, आणि पुढचा ॲक्सल जातो. गटातल्या दहा घरांचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत उभा.

गाळ पसरवण्याचं काम मुळात हलकं आहे, आणि त्यासाठी बर्फाच्या पाटीची अक्कल तंतोतंत उपयोगी पडते. पाटी ट्रॅक्टरच्या चाकांच्या रुंदीपेक्षा जेमतेम जास्त ठेवा. गाळ सुकू द्या. धार जमिनीत घालू नका, खाली पायताणं लावा. मागे कल्टिव्हेटर उचलून ठेवला तरी वजनाचं काम होतं. धुऱ्यावर तिरपं चढू नका. आणि पाटीच्या वरच्या जोडाला एक बारीक, मुद्दाम कमजोर पिन घाला. तुटली तर खिशातून दुसरी काढायची. वखराला, चापूनचोपून बांधलेल्या जुन्या अवजारांना लाकडी खुंट्या असत. खुंटी मोडायची, अवजार वाचायचं. ती खुंटी कुठल्या लाकडाची असावी, हे सुताराला नेमकं माहीत होतं.

पुढच्या व्याख्यानात तिफण आणि सरत्याकडे वळू, बियाणं मातीत किती खोल पडावं हे कोण ठरवत होतं ते बघू. प्रश्न असतील तर आता घेतो.