एकट्याचे दप्तर

करंज्याचा इतिहास लिहावयाचा, असे मी ठरविले त्याला आता नऊ वर्षे झाली. माणूस एकटा, शाळा सुटल्यावर उरतील ते दोन तास, आणि विषय पोर्तुगीजांच्याही मागे जाणारा. तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी पद्धत ठरविणे भाग होते. आणि एकट्याने डोंगर उपसणाऱ्यांचे दोन थोर नमुने आपल्यापुढे आहेत.

वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक. पटवर्धनांची दप्तरे हाताशी. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढावयास घेतला. पानिपतच्या सुमारापासून निघावयाचे आणि कालक्रम सोडावयाचा नाही. पत्रे निवडावयाची, लावावयाची, हकीकत जोडून भाग छापावयाचा, मग पुढला. १९२४ साली ते वारले, तोवर बारा भाग झाले होते. राजवाड्यांची तऱ्हा निराळी. १८९८ च्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ ची पत्रे. पुढे शिवकालीन कागद हाती आले की तो खंड शिवकालाचा. गावोगाव हिंडावे, वाळवीच्या तोंडून मिळेल ते काढावे आणि छापून मोकळे व्हावे. क्रम वाचकाने लावावा! असे बावीस खंड निघाले. पद्धत स्वभावावरून ठरते म्हणतात. मला वाटते, कागद कोठे आहेत यावरून ती ठरते. खऱ्यांचे दप्तर एका गावी होते, राजवाड्यांचे साऱ्या महाराष्ट्रभर विखुरलेले.

मी पडलो शिक्षक. साहजिकच खऱ्यांच्या मागे गेलो. एका कोऱ्या हजेरीपटावर प्रकरणे आखली. एका रकान्यात काम, दुसऱ्यात तारीख, झाले की तांबड्या शाईची खूण. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीबरोबर करंजा बेटही घेतले; १७७९ त वडगावी कोंडी झाल्यावर परत द्यावयाचे कबूल केले, शब्द मोडला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात बेट त्यांच्याकडेच राहिले. एवढ्या एका प्रकरणात माझी दोन वर्षे गेली.

खाडीकाठी एक वृद्ध कोळी राहत. पाण्याखालच्या खडकांची जुनी नावे त्यांना मुखोद्गत होती. त्यांचे काम नवव्या प्रकरणात. मी पाचव्यात होतो. केव्हा येता, म्हणून त्यांनी दोनदा निरोप धाडला. त्या पावसाळ्यात ते गेले. तो रकाना कोराच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी घरी बसून एकटाच संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. त्याला हजेरीपट दाखविला. तो म्हणाला, “सर, छापील पुस्तके कुठे पळून जातात? जे उद्या राहणार नाही, ते आधी का नाही घेतले?” पोराला शाळेत मी किती वेळा बाकावर उभे केले होते! असो.

त्या रात्री सारा पट नव्याने आखला. आता पहिली माणसे, मग घरोघरचे कागद, ग्रंथालये शेवटी. कालक्रम पुरता सुटत नाही. रविवारी सकाळी चोरून १७८२ मध्ये जाऊन येतो. परंतु उद्या संध्याकाळच्या रकान्यात एक आजीबाई आहेत. मिठागरांची जुनी नावे त्यांना ठाऊक आहेत. दोन वह्या आणि एक जास्तीची पेन्सिल पिशवीत आजच घालून ठेवली आहे.