लहान मातीच्या धरणांची मालकी आणि धोकावर्ग : सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा

प्रस्तावना
सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी-जत या पर्जन्यछायेतील प्रदेशाचा इतिहास हा बव्हंशी पाणी अडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. अडविलेले पाणी कोणाचे, या प्रश्नाची येथे पुष्कळ चर्चा झाली. बांध फुटल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

मालकीची रूपे
माण नदीवरील म्हसवड तलाव, अर्थात राजेवाडी तलाव, हे एकोणिसाव्या शतकातील शासकीय मातीचे धरण होय. १८७६-७७ च्या दुष्काळाशी त्याचा इतिहास निगडित आहे. याउलट, १९८० च्या दशकात येरळा नदीवर बलवडी व तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने ‘बळीराजा स्मृती धरण’ उभारले. वाळूची मर्यादित विक्री व लोकवर्गणी यांतून निधी उभा राहिला आणि भूमिहीनांसह समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व मांडले गेले. तिसरे रूप म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या रानात ओढ्यावर घातलेला मातीचा बांध. त्याचा मालक निश्चित असतो; परंतु नियमित तपासणीची व्यवस्था बहुधा नसते.

धोकावर्गाचा अर्थ
दगडी बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी गेले तरी तो सहसा तग धरतो. मातीचा भराव मात्र धुपून त्यास खिंडार पडते. भरावातून होणारी झिरप आतील माती वाहून नेऊ लागल्यासही धरण फुटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात हाहाकार झाला. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले, तेव्हाही खालच्या वस्तीत जीवितहानी झाली.

धोकावर्ग धरण किती मजबूत आहे हे सांगत नाही. ते फुटल्यास खाली किती हानी होईल हे सांगतो. १९८५ च्या भारतीय मानकानुसार (आय.एस. ११२२३) ५ लाख ते १ कोटी घनमीटर साठ्याची व ७.५ ते १२ मीटर जलशीर्षाची धरणे ‘लहान’ ठरतात आणि त्यांच्या सांडव्यासाठी शंभर वर्षांतील पूर गृहीत धरला जातो. धोका विशेष असल्यास मोठा पूर धरण्याची मुभाही त्यात आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ मात्र १५ मीटरहून उंच, तसेच विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांनाच लागू होतो. परिणामी ओढ्यावरील आठ मीटरचा खासगी बांध, खाली वस्ती असली तरी, कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो.

बदललेली परिस्थिती
टेंभू व म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याने या पट्ट्यातील अनेक तलाव भरले जातात. एरवी क्वचितच भरणारा तलाव पावसाळ्यापूर्वीच भरलेला असल्यास पुराला सामावून घेणारी रिकामी जागा उरत नाही व सारा भार सांडव्यावर येतो. ओढ्याकाठी नवी घरे झाली की बांध तोच राहूनही त्याचा धोकावर्ग वाढतो.

निष्कर्ष
केवळ उंची हा धोक्याचा पुरेसा निकष नव्हे. प्रत्येक तालुक्यात लहान बांधांची नोंदवही असावी. तीत मालक, सांडव्याची स्थिती आणि खालील वस्ती यांची नोंद होऊन पावसाळ्यापूर्वी पाहणी व्हावी. बळीराजा धरणाने पाण्यावरील हक्क सामूहिक असू शकतो हे दाखविले; सुरक्षिततेची जबाबदारीही तशीच सामूहिक मानणे ही त्या परंपरेची पुढची पायरी ठरेल.