कंट्रोल ग्रुपमधल्या आया : पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि आमच्या वस्त्या

कांजूरमार्गच्या वस्त्यांमध्ये आम्ही काही वर्षांपासून महिलांच्या बैठका घेतो. रेशनकार्ड, जातीचे दाखले, मुलांच्या शिष्यवृत्त्या हे विषय निघाले की बायका मोकळेपणाने बोलतात. 'अंगावरून पांढरं जातं का' असे विचारले की विहारातला पंखा तेवढा ऐकू येतो. बैठक संपल्यावर मात्र चप्पल घालता घालता एखादी मावशी मागे रेंगाळते आणि हळूच सांगते, पाळी जाऊन सहा वर्षे झाली, तरी मध्येच लाल दिसते. कोणाला सांगितले? कोणालाच नाही.

अशाच एका मावशींनी आम्हाला सांगितले होते की वास येत होता, पण त्यांना वाटले डम्पिंगचा असेल. कांजूरच्या कचराभूमीचा वास ज्यांनी रात्री घेतला आहे त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. मावशी पवईत चार घरची धुणीभांडी करत होत्या. त्यांनी दवाखान्याचे तोंड पाहिले तेव्हा एक पाय सुजला होता आणि कंबर धरून चालावे लागत होते. हा आजार असाच येतो. सुरुवातीची कित्येक वर्षे तो दुखत नाही. दुखू लागतो तेव्हा तो पिशवीच्या तोंडापासून आजूबाजूला पसरलेला असतो, लघवीच्या नळ्यांवर दाब आलेला असतो.

डॉक्टरांच्या भाषेत याला गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतात. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे 1 लाख 27 हजार स्त्रियांना तो झाला आणि सुमारे 80 हजार स्त्रिया त्याने मेल्या. मेलेल्यांची मोजणी तरी होते. ज्या जगल्या त्या कशा जगल्या, याचा हिशेब कोण ठेवतो?

त्याचीही एक प्रश्नावली आहे. युरोपातील ई.ओ.आर.टी.सी. या संस्थेने कॅन्सर रुग्णांच्या जीवनमानासाठी 30 प्रश्नांचा तक्ता केला, आणि या कॅन्सरसाठी आणखी 24 प्रश्न जोडले. जगभरच्या संशोधनात तो वापरला जातो. तो वाईट नाही. त्यात जुलाब, लघवी, पायाची सूज, नवऱ्याशी संबंध, स्वतःच्या शरीराबद्दलची लाज, सगळे विचारले आहे. पैशाबद्दलही एक प्रश्न आहे : आजारामुळे आर्थिक अडचण आली का? उत्तरे चार. अजिबात नाही, थोडी, बरीच, खूप. पवईतली चार घरे सुटणे, बदली बाई कायमची लागणे, मुलीची बारावी अर्ध्यावर राहणे, हे सगळे त्या 'खूप'मध्ये बसवायचे.

आणि काही गोष्टी त्यात मुळातच नाहीत. रेडिएशन साधारण पाच आठवडे चालते, शनिवार-रविवार सोडून रोज. त्यानंतर आतून द्यायचे रेडिएशन वेगळे. परळला जायचे तर गर्दीच्या लोकलमध्ये चढायचे. रेडिएशनने आतडे आणि मूत्राशय दुखावतात, जुलाब लागतात, लघवी थांबत नाही. ज्या घरात संडास आहे तिथे हा त्रास आहे. ज्या घरात संडास नाही, जिथे पहाटे डबा घेऊन सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहावे लागते आणि रात्री पोरीला सोबत घ्यावे लागते, तिथे ही रोजची बेअब्रू आहे. उपचार एकच असला तरी सोसणे घराघराप्रमाणे बदलते. रेडिएशननंतर योनिमार्ग आखडतो, अंडाशय बंद पडून पाळी अकाली जाते. त्यासाठी काय काळजी घ्यायची हे कित्येकींना कोणी सांगतच नाही. नवऱ्याला तर कोणीच समजावत नाही. मग 'बायको थंड झाली' म्हणून दुसरे घर मांडले जाते. आमच्या समाजातही मांडले जाते, हे इथे लिहायला हवे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावून घरात हे चालत असेल तर बोट फक्त सरकारकडे दाखवता येणार नाही.

हा आजार 'वाईट चालीचा' आहे ही कुजबुजही आमच्याच गल्लीत चालते. 1980 च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन यांनी या कॅन्सरमागे एच.पी.व्ही. हा विषाणू असल्याचे दाखवले, 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा विषाणू शारीरिक संबंधातून येतो आणि जगातल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. ज्यांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे टिकतो त्यांना धोका. तो बाईला नवऱ्याकडूनही येतो. चाल तपासायचीच असेल तर ती कोणाची, हे आधी ठरवा.

लवकर लग्न आणि वरचेवर बाळंतपणे यांनीही हा धोका वाढतो. बाबासाहेबांच्या काळात विषाणू माहीत नव्हता, पण बाईच्या शरीराची झीज त्यांना दिसत होती. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले तेव्हा आईला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, असा त्यांचा मुद्दा होता. 1938 मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी विधिमंडळात मांडला आणि तो फेटाळला गेला. जुलै 1942 मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. तिथे गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांसाठी हक्काच्या रजा मागितल्या गेल्या. पवईत धुणीभांडी करणाऱ्या आमच्या मावशीला आजारपणाची एक दिवसाचीही भरपगारी रजा आज नाही.

आता ज्या इतिहासासाठी हे लिहायला घेतले त्याकडे येतो.

या आजारावरचे ज्ञान कोणाच्या शरीरातून आले? 1951 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री याच कॅन्सरने मेली. तिच्या गाठीतून तिला न विचारता घेतलेल्या पेशी 'हेला' या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये वाढतात. त्यांच्यावर कंपन्या मोठ्या झाल्या. तिच्या घरच्यांना दोन दशके पत्ताही नव्हता. दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव घेतले ते उगाच नाही.

आपल्याकडे 1976 पासून दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने 1,158 स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्या गर्भाशयमुखावर कॅन्सरपूर्व बदल दिसले होते. ते बदल पुढे कसे जातात हे पाहायचे होते, म्हणून पाहत राहिले. नऊ जणींचा कॅन्सर पसरण्याच्या अवस्थेत गेला. 1997 मध्ये हे बाहेर आले तेव्हा खुलासा असा होता की बायका निरक्षर होत्या, त्यांची तोंडी संमती घेतली होती.

त्याच वर्षी, 11 जुलै 1997 ला, आमच्यापासून दोन स्टेशनांवर घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार करून दहा जणांचा जीव घेतला. पुढच्या वर्षी, 1998 मध्ये, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाचा मोठा प्रयोग सुरू झाला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. वस्त्या मात्र त्याच तऱ्हेच्या होत्या.

प्रयोगासाठी वस्त्यांचे वीस गट पाडले. दहा गटांतल्या 75,360 स्त्रियांना दर दोन वर्षांनी तपासणी. गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावायचे, मिनिटभर थांबायचे, पांढरा चट्टा उठला तर पुढे पाठवायचे. ना प्रयोगशाळा, ना महागडे यंत्र. डॉक्टरही नाही, दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून हे काम करून घेतले. उरलेल्या दहा गटांतल्या 76,178 स्त्रियांना सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती सांगितली. तपासणी नाही. हा झाला 'कंट्रोल ग्रुप'.

बारा वर्षांनी मोजदाद झाली. तपासणीच्या गटात या कॅन्सरने 67 मृत्यू, कंट्रोल ग्रुपमध्ये 98. मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. जून 2013 मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या कॅन्सर परिषदेत हे मांडले आणि जगभर टाळ्या पडल्या. तिकडे बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 52 ग्रामगटांत दुसरा प्रयोग झाला होता. तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूची एकच चाचणी झालेल्या 34,126 स्त्रियांत 34 मृत्यू, आणि काहीच तपासणी नसलेल्या 31,488 स्त्रियांत 64.

अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट डॉ. एरिक सुबा यांनी यावर तक्रार केली. पॅप तपासणीने मृत्यू कमी होतात हे पश्चिमेत आधीच माहीत असताना हजारो स्त्रियांना विनातपासणी ठेवले कसे, हा त्यांचा सवाल. संशोधकांचे उत्तर होते की भारतात राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमच नाही, त्यामुळे इथला 'प्रमाण उपचार' म्हणजे काहीच नाही.

मित्रांनो, हे उत्तर पुन्हा वाचा. पॅप तपासणी तेव्हा मुंबईत नव्हती का? होती. ज्यांच्याकडे फी होती त्यांच्यासाठी होती. मग 'काहीच नाही' हे प्रमाण कोणाचे? बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती इथे विज्ञानाच्या भाषेत बोलते. समाजाने आधी वंचित ठेवायचे आणि संशोधनाने त्या वंचनेलाच तुलनेची पातळी धरायची. मुंबईच्या झोपडपट्टीत कोण राहते हे आम्ही सांगायला नको. त्यात आमच्या आया होत्या, मुस्लिम आया होत्या, दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या सगळ्या जातींच्या आया होत्या.

तरीही आम्ही त्या डॉक्टरांना खलनायक ठरवणार नाही. तपासणी झालेल्या वस्त्यांत काही घरांत आई राहिली ती त्यांच्यामुळे. दहावी शिकलेली वस्तीतली बाई हे काम नीट करू शकते हे त्यांनी सिद्ध केले, आणि 'मेरिट'च्या गप्पा मारणाऱ्यांना ही चपराकच आहे. निष्कर्षानंतर कंट्रोल ग्रुपमधल्या स्त्रियांना तपासणी देऊ, असेही सांगितले गेले होते. आमचे भांडण त्यापुढचे आहे. 98 विरुद्ध 67 हा आकडा ज्या वस्त्यांनी जीव देऊन मिळवून दिला, त्या वस्त्यांकडे तो परत आला का?

केंद्राने 2016 मध्ये 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करण्याचा आराखडा काढला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या किती स्त्रियांची आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झाली होती? 1.9 टक्के. शंभरात दोघीही नाहीत.

जिथे तपासणी पोचली नाही तिथे भीती पोचली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे प्रकरण आठवा. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे समितीपुढे आले की पाहणी केलेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला 'कॅन्सर होईल' म्हणून घाबरवायचे आणि पिशवी काढायची, अशा हकिकती तिथून आल्या. मुकादमाला खाडा नको होता, खासगी दवाखान्याला बिल हवे होते. मिनिटभराच्या स्वस्त तपासणीने ज्यांची शंका फिटली असती त्यांनी कर्ज काढून ऑपरेशन केले आणि पुन्हा कोयता हातात घेतला.

कांजूरमध्ये आम्ही आता दोन कामे धरली आहेत. पहिले, तिशी ओलांडलेल्या बायकांची गल्लीवार यादी करून त्यांना गटाने तपासणीला नेणे. एकट्या त्या जात नाहीत, दहा जणी मिळून जातात. सोबत एक जाणती बाई आणि परतीच्या तिकिटाचे पैसे. दुसरे काम आठवणी गोळा करण्याचे. 1998 नंतर तुमच्या वस्तीत टाटाच्या बाया तपासणीला आल्या होत्या का? आईच्या ट्रंकेत तपासणीचे कार्ड आहे का? की फक्त माहिती सांगून गेल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत? तेव्हा पस्तीस-चाळीसच्या असलेल्या त्या बायका आता साठी-सत्तरीत आहेत. आज रात्री जेवताना आईला, आजीला विचारा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, वस्तीच्या नावासह लिहून ठेवा.