अल्पाकाची लोकर आणि परक्या सुया

अल्पाका हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या पणजोबांच्या काळी वकील, मास्तर, कचेरीतले कारकून काळ्या अल्पाकाचा कोट घालून घराबाहेर पडत. पण हा अल्पाका म्हणजे काय, असे विचारले तर पुष्कळांना सांगता यायचे नाही. तो आहे एक प्राणी. उंटाच्या कुळातला, मेंढीहून थोडा मोठा, लांब मानेचा. त्याचे घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हिया या देशांत, अँडीज पर्वतातल्या सुमारे ४,००० मीटर उंचीच्या माळांवर. त्याच्या हातकताई लोकरीचा एक साधा हातमोजा घ्या. चार बोटांना मिळून एक घर, अंगठ्याला वेगळे. एवढ्याशा वस्तूत दोन खंडांचा इतिहास सापडतो.

आधी सुताचे पाहू. विकुन्या नावाच्या रानटी जनावरापासून तेथील लोकांनी अल्पाका माणसाळवला, त्याला सुमारे सहा हजार वर्षे झाली. तेथील बायका टकळीवर सूत काढतात. लाकडी काडी आणि खाली चकती, आपल्या टकळीसारखीच. कळप राखता राखता, बाजाराला जाता जाता टकळी फिरतच असते. प्रथम एका दिशेने पीळ देऊन एकेरी धागा काढायचा, मग दोन धागे उलट दिशेने एकत्र पिळायचे. दोन्ही पीळ एकमेकांना धरून राहतात, म्हणून सूत उकलत नाही. इंका राजवटीत कापडाचा मान मोठा होता. प्रजा कापड विणून देई, सैनिकांना कापड मिळे, राजाची मोठी देणगी म्हणजे तलम वस्त्र.

पण मौज अशी की, या कसबी लोकांना सुयांवरचे विणकाम ठाऊकच नव्हते. त्यांच्याकडे माग होता, नेढ्यातल्या सुईने फासे घालण्याची रीतही होती. सुयांवर टाके उचलणे नव्हते. सुयांवर विणलेले जुने नमुने मिळाले ते इजिप्तमध्ये, सुती मोज्यांच्या रूपाने. स्पेनमध्ये १२७५ साली वारलेल्या फेर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात विणलेल्या रेशमी उशा सापडल्या. आणि १५३२ साली स्पेनचा पिसारो पेरूत उतरला, काहामार्का येथे त्याने अताहुआल्पा या इंका राजाला कैद केले. त्या राजवटीबरोबर सुया आल्या, मेंढ्याही आल्या.

ती राजवट काही सुखाची नव्हती. रोगराईने आणि लढायांनी माणसे मेली, कळपच्या कळप नाहीसे झाले. खालची कुरणे मेंढ्यांनी व्यापली आणि अल्पाका उरला तो उंच, थंड माळांवर. मग अशा जेत्याच्या सुया तेथील लोकांनी हाती का घेतल्या? कारण थंडीला जेता-जित असा भेद नसतो. शिवाय धागा त्यांचा होता, नक्षी त्यांची होती. टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर तर विणकाम हे पुरुषांचे काम झाले! मुलगे लहानपणीच शिकतात, आणि टोपीच्या रंगावरून तिच्या धन्याचे लग्न झाले की नाही ते कळते. युनेस्कोने २००५ साली या बेटाच्या वस्त्रकलेचा गौरव केला. अँडीजमधले कित्येक विणणारे धागा मानेभोवतून घेतात आणि कामाची उलटी बाजू आपल्याकडे ठेवतात. हीच रीत पोर्तुगालात आहे. विद्या कोणत्या वाटेने आली याचा पुरावा असा हातांच्या सवयीत टिकून राहतो.

आता पुन्हा हातमोजा पाहा. अल्पाकाची लोकर उबदार. तीत मेंढीच्या लोकरीइतका चिकट मेण नसतो. पण तिला लवचीकपणा कमी. नुसत्या अल्पाकाच्या मोज्याचे मनगट सैल पडते. मफलर सैल टाक्यांनी विणला तर आपल्याच वजनाने लांबत जातो. म्हणून मनगटापुरती तरी मेंढीची लोकर मिसळणे बरे. अल्पाकाची कुरणे खाणारी ती मेंढीच येथे त्याच्या मदतीला येते.

आणि आपला तो कोट? १८३६ च्या सुमारास टायटस सॉल्ट या इंग्रज गिरणीवाल्याने लिव्हरपूलच्या गोदामात कोणी न घेतलेले अल्पाकाचे गठ्ठे पाहिले आणि विकत घेतले. सुती ताणा, अल्पाकाचा बाणा असे चकचकीत कापड त्याने काढले. १८५३ मध्ये त्याने सॉल्टेअर येथे प्रचंड गिरणी उघडली. त्या गावाला त्याचेच नाव आहे. कळप राखणाऱ्याचे आणि सूत कातणारीचे नाव मात्र कोठे लागले नाही.

अमुक कला आमची, तमुक बाहेरची, असा वाद आपण हिरिरीने घालतो. अँडीजच्या लोकांनी तो घातला नाही असे नाही. पण सुई बाहेरची म्हणून त्यांनी ती टाकली नाही, आणि सुई आली म्हणून टकळीही टाकली नाही. थंडीच्या दिवसांत आपल्या घरातला लोकरीचा मफलर बाहेर निघेल, तेव्हा आपणही जरा विचारून पाहावे : लोकर कोणत्या जनावराची, पीळ कोणी दिला, आणि विणण्याची विद्या कोठून आली?