गॅसबत्ती ते एलईडी: पतंगांना बोलावणारे दिवे

मंडळी, पुण्यात वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ट्यूबभोवती वाळवीच्या पंखवाल्या किड्यांचा नुसता धुमाकूळ! घरातली जाणती माणसं मग एक सोडून सगळे दिवे मालवतात आणि त्या एका दिव्याखाली पाण्याने भरलेली परात ठेवतात. किडे उजेडाकडे येतात आणि पाण्यात पडतात. हुमणीचे भुंगेरे पकडायला शेतकरी जो प्रकाश सापळा लावतात त्याची युक्तीही हीच. वर बल्ब, खाली पाण्याचं घमेलं आणि पाण्यावर थोडं रॉकेल.

आज लिहायचंय ते या दिव्यांच्या इतिहासाबद्दल. गंमत अशी, की रात्रीच्या किड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी बहुतेक काळ माणसांसाठी बनवलेला दिवाच उसना घेतला. बाजारात जो स्वस्त, तोच यांचा!

सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करू. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ही आपली दोन माणसं होती, तसेच कर्नल चार्ल्स स्विन्हो हे लष्करी अधिकारीही होते. स्विन्होंना फुलपाखरं आणि पतंगांचं वेड. (पतंग म्हणजे संक्रांतीचा नव्हे बरं का, दिव्यावर येतो तो.) त्यांनी १८८५ साली मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरं-पतंगांची मोठी यादी लंडनमध्ये छापली. त्यात पुण्याचं नाव वारंवार येतं. तो काळ तेलाच्या दिव्यांचा आणि कंदिलांचा.

योगायोग बघा, त्याच १८८५ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी दिव्याच्या मॅन्टलचं पेटंट घेतलं. पुढे १९१० च्या सुमारास बर्लिनहून पेट्रोमॅक्स आला आणि आपल्याकडे त्याची 'गॅसबत्ती' झाली. वरातीत डोक्यावरून मिरवणारी, तमाशाच्या फडात टांगलेली, पंप मारला की सूं सूं करणारी! वीज नसलेल्या गावात किंवा रानात किडे गोळा करायचे तर मागे पांढरी चादर बांधायची आणि पुढे हीच बत्ती ठेवायची.

मग आला मर्क्युरीचा दिवा. साठ-सत्तरच्या दशकात लहान असलेल्यांना रस्त्यावरचा तो निळसर पांढरा उजेड आठवत असेल. त्यातून दिसणाऱ्या उजेडासोबत अतिनील किरणही निघतात. आपल्याला ते दिसत नाहीत, पण बहुतेक किड्यांना उत्तम दिसतात. १९५० साली इंग्लंडमध्ये रॉबिन्सन नावाच्या दोघांनी हा दिवा वापरून सापळा बनवला आणि पतंगांचा अक्षरशः पाऊस पडू लागला. अडचण एकच, चोक आणि घरची वीज हवी. टेकडीवर कुठून आणणार? ती अडचण १९६५ साली जॉन हीथ यांनी सोडवली. सहा वॅटची छोटी ट्यूब, बारा व्होल्टची बॅटरी आणि घडी होणारा पत्र्याचा डबा.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. घोळ झाला एलईडीमुळे. आपला पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. अतिनील किरण त्यात जवळजवळ नसतातच. वीज वाचते ती यामुळेही, कारण माणसाला न दिसणारा उजेड म्हणजे वाया गेलेली वीज! नेमका तोच उजेड किड्यांना हवा असतो. त्यातच पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला आणि मर्क्युरी दिव्यांना निरोप द्यायचं ठरलं. म्हणजे माणसाचा दिवा आणि किड्याचा दिवा पहिल्यांदाच वेगळे झाले. २०१७ साली जर्मनीच्या गुन्नार ब्रेम यांनी पॉवर बँकेवर चालणारा खास पतंगांसाठीचा एलईडी दिवा मांडला. उत्तम आहे, पण बाहेरून मागवायचा म्हणजे खिशाला चाट.

आता तुम्ही म्हणाल, दिवा बदलला तर बिघडलं काय? बिघडलं असं, की मोजमाप तुटलं. स्विन्होंची यादी कोण होतं ते सांगते, किती होते ते नाही. संग्रहातल्या पतंगाखालच्या चिठ्ठीवर ठिकाण असतं, तारीख असते, फार तर 'दिव्यावर मिळाला' असं असतं. दिवा कोणता, किती वॅटचा, हे क्वचितच. कंदिलावर आलेले पन्नास आणि मर्क्युरीवर आलेले पाचशे यांची तुलना कशी करणार?

इंग्लंडात रॉथमस्टेडच्या सापळ्यांत मात्र अनेक दशकं २०० वॅटचा तोच जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावत राहिले. मागासलेला, पण तोच. म्हणून ते छातीठोक सांगू शकतात, की १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या सुमारे ३३ टक्क्यांनी घटली. हे त्यांना कळलं ते भारी दिव्यामुळे नव्हे, न बदललेल्या दिव्यामुळे.

माझ्या मते स्वस्त साहित्याची खरी किंमत इथे आहे. तपकीर गल्लीत चौकशी केली तर काही शे रुपयांत काम होईल. विचारताना ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा दिवा मागा. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली अतिनील ट्यूब चुकूनही नको, ती उघडी लावली तर डोळे आणि कातडी भाजते. जुनी पांढरी चादर, दोरी, पॉवर बँक, झाला संच. मारायची गरज नाही, फोटो पुरे. आणि तासा-दोन तासांत दिवा बंद करा. २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं, की किडे उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात आणि म्हणून दिव्याभोवती अडकून गिरक्या घेत राहतात. त्यांनाही रात्रीची कामं असतात!

फक्त एक पथ्य पाळा. वहीत दिव्याचा प्रकार, वॅट, वेळ लिहा, आणि दरवर्षी तीच बाल्कनी, तोच महिना, तोच दिवा. एखादा जास्तीचा आताच घेऊन ठेवा, उद्या मिळेलच असं नाही. दहा वर्षांनी आपल्या नातवंडांनी विचारलं, की कण्हेरीवरचा तो हिरव्या नक्षीचा पतंग कमी झालाय का हो, तर उत्तर देता यायला हवं.

तुमच्यापैकी कुणी गॅसबत्तीवर किडे गोळा केले असतील तर जरूर कळवा. आणि बत्ती अजून माळ्यावर असेल तर मोडीत घालू नका!